गाणी लावणे

'लावणे' हे मराठीतलं फार फसवं क्रियापद आहे. दिवा लावतात, रोप लावतात, हळद लावतात, पोरीचं लग्न लावतात, दोन शेजाऱ्यांत भांडण लावतात आणि गाणंही लावतात. मी नोकरीची ३१ वर्षं फक्त पुस्तकं लावली. त्यामुळे दिवाळीनंतर धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, दोन दिवस येजो ना, पोराचे गाने लावून देजो," तेव्हा मला वाटलं, मंडईच्या जत्रेचे पाहुणे आले असतील, पोराला वेळ नसेल, बटण दाबायला कुणी हवं असेल. बटण दाबता येतं मला. गेलो. पोचल्यावर कळलं की गाणी लावायची होती ती पुस्तकं लावतात त्या अर्थाने.

भाच्याचा डीजे आहे. पुण्या-मुंबईचा वाचक इथे मला दुरुस्त करेल आणि म्हणेल, भाचा डीजे आहे असं लिहा. नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यात डीजे ही व्यक्ती नसते, वस्तू असते. एखाद्याचा ट्रॅक्टर असतो, एखाद्याचा हार्वेस्टर असतो, तसा एखाद्याचा डीजे असतो. गाडीच्या उघड्या डाल्यावर बेसचे आठ खोके, त्यांच्या डोक्यावर टॉप, मागे जनरेटर, वर गरगरणारे शार्पी दिवे आणि या सगळ्याच्या पोटात कुठेतरी लॅपटॉप सांभाळत बसलेला भाचा. 'डीजे आला' म्हणजे गाडी आली. मूळ इंग्रजी शब्दात डिस्क आहे आणि जॉकी आहे. डिस्क म्हणजे तबकडी, ती केव्हाच गेली. जॉकी म्हणजे शर्यतीतला घोडेस्वार, आणि वरातीत घोड्यावर एकच माणूस बसतो. शब्दाला धरून चालायचं तर डीजे नवरदेवच.

मागच्या हंगामापर्यंत भाचा मोबाइल आणि पेनड्राइव्हवर धंदा चालवत होता. या वर्षी त्याने नागपूरहून जुना कंट्रोलर आणला. म्हणजे दोन फिरत्या तबकड्या आणि चाळीसेक बटणं असलेला पाट. त्याला लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर लागतं. जगात अशी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत. एक न्यूझीलंडचं आहे, सेराटो. एक बर्लिनचं आहे आणि त्याचं नाव ट्रॅक्टर. भाच्याने वडिलांना सांगितलं, "बाबा, धंद्यासाठी ट्रॅक्टर घ्या लागते." भाऊजी म्हणाले, "घरी उभा हाये तो का हाये?" तो विषय तिथेच मिटला आणि भाच्याने दुसरंच कुठलंतरी सॉफ्टवेअर घेतलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा दोष थोडा आणि माझा फार आहे.

गाणी काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात होती. १७ पेनड्राइव्ह. ओळख पटावी म्हणून बहिणीच्या नेलपॉलिशने रंगवलेले. गुलाबी म्हणजे हळद, जांभळा म्हणजे छत्तीसगढी, सोनेरी म्हणजे भीमजयंती, हिरवा म्हणजे गणपती-दुर्गा. एक लाल होता, ८ जीबीचा, टोपण हरवलेला, रबर बांधलेला. "याच्यात का आहे?" "काई नाई जी, जुनं-पुरानं हाये." मी तो बाजूला ठेवला; बाकीचे लॅपटॉपच्या डी-ड्राइव्हवर उतरवले. मराठीत 'जुनं-पुराणं' म्हटलेल्या वस्तूकडे ग्रंथपालाने तरी दुर्लक्ष करू नये, हे मला ३१ वर्षांत कळायला हवं होतं.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की ते विचारतं, तुमची गाणी कुठे आहेत? भाच्याने मोकळ्या मनाने अख्खी डी-ड्राइव्ह दाखवली. मग सॉफ्टवेअरने 'अॅनालिसिस' सुरू केलं. म्हणजे प्रत्येक फाइल स्वतः ऐकायची, तिचे ठोके मोजायचे, मिनिटाला किती ठोके ते बीपीएम लिहायचं, स्वर ओळखायचा आणि त्यांचा तक्ता करायचा. हे दीड दिवस चाललं. सकाळी पडद्यावर आकडा होता २८,६००. त्यात आधार केंद्राच्या रांगेत चुकून झालेलं ध्वनिमुद्रण होतं, शेजारच्या कोंबड्याचा आवाज रिंगटोन म्हणून कापलेला होता आणि फोनवरच्या संभाषणांची आपोआप जमलेली भरपूर रेकॉर्डिंगं होती. एकात माझी बहीण भाच्याला रात्री १ वाजता घरी बोलावत होती. सॉफ्टवेअरने ते मनापासून ऐकलं होतं. ठोके १४२, स्वर मायनर, आणि ऊर्जा दाखवणाऱ्या पट्टीवर जवळजवळ सगळे ठिपके भरलेले. माझा मेहुणा पंचवीस वर्षांच्या संसारात जे सांगू शकला नाही ते यंत्राने दीड दिवसात आकड्यांत मांडलं.

आता नावं. गाण्याच्या फाइलला नाव असतं अशी माझी भाबडी समजूत होती. इथे प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला ती ज्या संकेतस्थळावरून उतरवली त्याचा पत्ता, मग 'न्यू', मग 'फुल बेस', मग गाणं, मग ज्याने रीमिक्स केलं त्याचं नाव, मग त्याचं गाव, मग कंसात १, २ किंवा ७. पत्ता काढून वर्णानुक्रमे लावली तर ६,३०० गाणी 'न्यू'खाली जमा झाली. त्यातलं सर्वांत नवं २००९ चं होतं.

गाण्याच्या आत लपवलेली वेगळी चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. एमपी३ हे नाव जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत १९९५ च्या जुलैत ठरलं, आणि पुढच्या वर्षी एरिक केम्प नावाच्या गृहस्थाने फाइलच्या शेपटीला १२८ बाइटची चिठ्ठी चिकटवायची युक्ती काढली. शीर्षकाला ३० बाइट, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे त्यांचं भागतं. आपलं देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा, हल्लीच्या रिवाजाप्रमाणे ३ बाइट खातं. हिशेब करून पाहा: 'गोंदियाच्या' या एका शब्दाला ३३ बाइट लागतात. म्हणजे शेवटचा काना बाहेर पडतो आणि गाणं सुरू होण्याआधीच आपण 'गोंदियाच्य' येऊन थांबतो. पुढे चिठ्ठीचा मोठा कागद निघाला, हे खरं. पण भाच्याकडची अर्धी गाणी त्या लहान चिठ्ठीवाली, आणि ज्या गाण्यांत कुणी हौशीने देवनागरी भरली होती तिथे पडद्यावर चौकोनच चौकोन दिसत होते, फरशी बसवल्यासारखे.

मग सगळे रोमन लिपीत लिहितात, आणि जो तो आपल्या उच्चाराने लिहितो. 'हळद' पाच तऱ्हांनी सापडली. आमच्या जिल्ह्याला एका अंगाने मध्यप्रदेशचा बालाघाट, दुसऱ्या अंगाने छत्तीसगढचा राजनांदगाव. एकाच वरातीत मराठी, हिंदी, छत्तीसगढी, पोवारी आणि सालेकसा-देवरीकडचं लग्न असेल तर गोंडी रेला, एवढं सगळं वाजवावं लागतं. नवरदेवाचा मोठेबाप पाचशेची नोट हलवत उभा असतो आणि भाचा शोधाच्या चौकटीत एका व्यंजनावर अडलेला असतो. तेवढ्यात नोट खिशात परत जाते. मला या धंद्यातलं आणखी काही कळलं नसेल, पण स्पेलिंग चुकलं की नुकसान नेमकं किती होतं हे कळलं. पाचशे रुपये.

कलाकाराच्या रकान्यात तर कुठल्याच कलाकाराचं नाव नव्हतं. सगळीकडे रीमिक्सवाले. बरं, नुसतं रकान्यात असतं तर पुसता आलं असतं. हे लोक गाण्यातच दर अर्ध्या मिनिटाला घुमणाऱ्या आवाजात स्वतःचं नाव ओरडून घेतात. त्यामुळे भाचा तिरोड्यात वाजवतो आणि जाहिरात दुर्गवाल्याची होते. मला मात्र त्या आरोळीत ओळखीचं काहीतरी वाटलं. आम्ही वाचनालयात पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का मारायचोच, शिवाय आतल्या एका ठरलेल्या गुप्त पानावरही मारायचो, म्हणजे चोराने पहिलं पान फाडलं तरी मालकी सांगता यावी. हे गुप्त पानच आहे, फक्त ते अर्ध्या मैलावर ऐकू जातं.

मी संगीतकारांची नावं भरायचं मनावर घेतलं. एका लग्नापुरती भरताना एक गंमत हाती आली. वरात निघताना मित्राच्या लग्नाचं जे गाणं वाजतं ते १९७७ च्या 'आदमी सड़क का'मधलं, संगीत रवि. पाठवणीला रफीचं जे गाणं वाजतं ते १९६८ च्या 'नीलकमल'मधलं, संगीत रवि. आणि मधल्या वेळात नवरदेवाचा एक काका रुमाल दातात धरून जमिनीवर लोळतो, ती १९५४ च्या 'नागिन'मधली बीन. ती मुळात बीनच नव्हे; हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाचं विजेचं वाद्य वाजवलं होतं आणि हार्मोनियमवर साथीला होते, पुन्हा, रवि. एक माणूस वरात काढतो, काकांना लोळवतो आणि नवरीला सासरी पोचवतो! मी हे मोठ्या उत्साहाने भाच्याला सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, "रवि कोन जी? आपला तो गोरेगावचा टेंटवाला का?"

पुढचा रकाना 'जॉनर', म्हणजे गाण्याची जात. इथे मी बाह्या सरसावल्या, कारण जाती लावणं, म्हणजे वर्गीकरण, हा माझा प्रांत. त्या जुन्या चिठ्ठीत ८० जाती ठरवून दिलेल्या आहेत, ० ते ७९. यादी वाचताना मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. २२ वर 'डेथ मेटल' आहे, ७५ वर 'पोल्का' आहे, ३९ वर चक्क 'नॉइज' म्हणजे नुसता गोंगाट आहे (भाच्याचा सगळा संग्रह ३९ मध्ये टाकावा असं गावातल्या डॉक्टरांचं मत पडलं). आणि लोकगीत? मूळ ऐंशीत नाही. ते विनॅम्पवाल्यांनी मागाहून वाढवलेल्या पुरवणीत पहिलं येतं. जुना मित्र एवढ्यासाठी म्हटलं की मी ज्या ड्युई दशांश पद्धतीने आयुष्यभर पुस्तकं लावली तीही १८७६ सालची अमेरिकेतली. तिच्यात २०० म्हणजे धर्म, आणि त्यात बायबल आणि ख्रिस्ती पंथांना ऐसपैस बंगले देऊन झाल्यावर उरलेल्या जगाचे सगळे धर्म २९० च्या एका खोलीत कोंबलेले. मराठी साहित्य ८९१.४६. ज्ञानेश्वरांपासून सगळ्यांना जागा मिळाली ती टिंबाच्या पलीकडे. दुसऱ्याने केलेल्या कपाटात आपलं सामान तिरपं करून घालायची मला सवय आहे. मी निश्चय केला: हे ८० जातींचं बिऱ्हाड सोडायचं आणि गाणी ड्युईने लावायची. ७८० म्हणजे संगीत. झालं तर!

पण तालाचं काय? सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्यावर उभ्या रेघांचं कुंपण घालतं, दर ठोक्याला एक खुंटी. कुंपण सरळ बसलं की दोन गाणी एकमेकांत बेमालूम विरतात. हे कुंपण यंत्रावर बनलेल्या, चारचारच्या गाण्यांना छान बसतं. जुन्या सिनेमाच्या गाण्यात मात्र साठ माणसं समोर बसून वाजवायची. अंतऱ्यात जीव आला की ताल थोडा पुढे सरकायचा, आणि दुसऱ्या कडव्याला खुंटी शेजाऱ्याच्या बांधावर. बहिणीच्या चुलतसासूने आणि आणखी चौघींनी म्हटलेली पोवारी लग्नगीतं भाच्याने मोबाइलवर मुद्रित करून ठेवली होती. अख्ख्या संग्रहात ऐकण्यासारखं तेच, असं माझं मत आहे. त्यात म्हाताऱ्या मध्येच थांबून पुढची ओळ आठवतात, एक हसते, एक खोकते. सॉफ्टवेअरला ताल सापडेना. शेवटी त्याने खोकला धरला. ठोके ३८.

दुसरी अडचण दुपटीची. ७० ठोक्यांचं संथ गाणं आणि १४० चं उडतं गाणं यांत यंत्राला फारसा फरक कळत नाही, कारण प्रत्येक दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी एक मोजला की झालं. शिवाय ते स्वरही जुळवतं. त्यासाठी कॅमेलॉट नावाचं घड्याळासारखं चक्र आहे, नाव राजा आर्थरच्या राजवाड्याचं. बारा आकडे, प्रत्येकी ए आणि बी; ८-ए चं गाणं ८-ए शी, ७-ए शी किंवा ९-ए शी जोडावं, फार तर ८-बी शी. आपल्याकडे ३६ गुण पाहतात, इथे दोनच: ठोके आणि स्वर. फक्त एक नियम उलटा आहे. इथे सगोत्र विवाह सर्वांत उत्तम मानतात.

या पत्रिकेच्या भरवशावर आम्ही अंगणात चाचणी घेतली. हळदीचं एक धमाल गाणं लावलं. पुढचं योग्य स्थळ म्हणून सॉफ्टवेअरने हिरव्या अक्षरांत सुचवलं ते रफीचं पाठवणीचं, कुणीतरी धुमालच्या ठेक्यात बसवलेलं, ७० चं १४० मोजलेलं, स्वर अगदी सगोत्र. भाच्याने दांडा सरकवला. संधी इतका सुंदर झाला की हळद कुठे संपली आणि मुलगी सासरी कधी निघाली हे कळलंच नाही. सुपात तांदूळ निवडत बसलेल्या बहिणीला कळलं. तिची मुलगी मागच्या वैशाखात सासरी गेली आहे. सूप खाली ठेवून ती आत निघून गेली, आणि त्या रात्री भाजीत मीठ नव्हतं.

धुमाल म्हटलं म्हणून सांगतो. नागपूरपासून रायपूरपर्यंत डीजेच्या आधी धुमालचं राज्य होतं आणि अजून ते पुरतं गेलेलं नाही. गाडीवर ढोल-ताशे, ड्रम आणि एक कॅसिओवाला. त्याच्याकडे ना टॅग ना बीपीएम. गर्दीतल्या कुणीतरी नुसतं "अरे तो वाजव ना" असं म्हटलं की 'तो' म्हणजे कोणता हे त्याला कळतं. त्याचं अॅनालिसिस कुणी केलेलं नाही.

आवाजाच्या दर्जाचं एक प्रकरण होतं, ते आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावणं सोपं गेलं. सीडीवरचं गाणं सेकंदाला १,४११ किलोबिट घेतं, एमपी३ तेच १२८ मध्ये बसवतं. म्हणजे अकरा पोती धान गिरणीत घातलं आणि एक पोतं घेऊन आलो. कानाला न जाणवणारं तेवढं काढलं असं ते म्हणतात. कोंडाच काढला असं गिरणीवालाही म्हणतो. भाच्याने पुढे जाऊन १२८ ची सगळी गाणी ३२० मध्ये 'वाढवून' घेतली होती. मी विचारलं, "कणीला कितीही पॉलिश मारलं तर तिचा अख्खा तांदूळ होतो का रे?" तांदळाच्या गावचं पोर ते, लगेच समजलं. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल लॉस एंजेलिसपर्यंत गेले आणि तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. त्याची भाच्याकडची प्रत ६४ ची निघाली. सातासमुद्रापलीकडे मुद्रित झालेली व्हायोलिनं इथे येईतो डबा वाजवल्यासारखी झाली होती. ती कुठून आणली हे मी विचारलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला सूट दिली आहे हे भाच्याला कलमासकट पाठ आहे. गाणं चोरून उतरवायला दिलेली नाही, एवढं वाक्य त्याच्या पाठांतरातून गळलं आहे.

अशा रीतीने अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी आमगावला लग्न होतं. भाचा खोके धुवायला गेला असताना मी माझं मुख्य काम उरकलं. डी-ड्राइव्हवर ७८० नावाचं कपाट उभं केलं, त्याच्या आत खण केले, खणांत कप्पे केले आणि २८,६०० मधून कोंबडा, आधार केंद्र आणि बहीण वगळून प्रत्येक गाणं उचलून आपापल्या जागी ठेवलं. नावं स्वच्छ केली. 'न्यू' काढलं. रात्री ९ वाजता मी जे पडद्यावर पाहिलं ते नोकरीच्या शेवटच्या दिवशी वाचनालयात दिसलं होतं तसं होतं: एकही वस्तू वाकडी नाही.

भाच्याने सॉफ्टवेअर उघडलं. प्रत्येक गाण्याच्या पुढे उद्गारचिन्ह होतं. लाल. वरपासून खालपर्यंत.

"मामाजी, हे का केलं जी?"

मला त्या रात्री जे कळलं ते सांगतो. सॉफ्टवेअर गाण्याला त्याच्या नावाने किंवा सुराने ओळखत नाही, पत्त्याने ओळखतं. अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. त्या पत्त्यावर त्याने ठोके, खुणा, कुठून सुरू करायचं, कुठे तोडायचं, सगळं लिहून ठेवलेलं असतं. पत्ता बदलला की त्याच्या लेखी गाणं मेलं. हयातीचा दाखला घेऊन गाणं स्वतः समोर उभं राहिलं तरी उपयोग नाही. निवृत्त माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. फाइली हलवायच्याच असतील तर त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवाव्या लागतात, आणि सगळ्यात आधी त्याच्या वहीची एक प्रत काढून ठेवावी लागते. हे त्याच्या मदतपुस्तिकेत पहिल्याच प्रकरणात लिहिलं आहे. ३१ वर्षं लोकांना 'आधी वाचा' असं सांगणाऱ्या माणसाने ती उघडली नव्हती.

रात्रभर आम्ही 'हरवलेल्या फाइली शोधा' हे बटण दाबत बसलो. ते नावावरून शोधतं, आणि नावं मी स्वच्छ केली होती. सकाळपर्यंत ४१२ सापडली. बहुतेक ३९ नंबरची.

आमगावला वरात दिवस मावळता निघायची होती. लॅपटॉप घरी ठेवून भाच्याने डब्यातून लाल पेनड्राइव्ह काढला, रबर सोडलं आणि मिक्सरच्या भोकात खोचला. या मिक्सरला पडदा नाही. पुढे आणि मागे, दोनच बटणं. मी गाडीवर त्याच्या शेजारी, कानात कापूस घालून, प्रायश्चित्त म्हणून बसलो. पेनड्राइव्हमधली गाणी अशा यंत्रात वर्णानुक्रमे वाजत नाहीत, ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने वाजतात. म्हणजे आधी भरलेलं आधी. भाच्याने ती नऊ वर्षांत थोडी थोडी भरली होती, आणि कुठल्या लग्नानंतर कुठलं भरलं हे त्याला पाठ होतं. गर्दीकडे बघत, यंत्राकडे न बघता, तो अंगठ्याने दाबत होता. सहा पुढे. दोन मागे. अकरा पुढे. एकदाही चुकला नाही.

एका ठिकाणी वीजतारेखालून गाडी काढायला थांबलो तेव्हा मी तो लाल पेनड्राइव्ह माझ्या मोबाइलला जोडून आत पाहिलं. फोल्डरांची नावं अशी होती: 'गेटवर'. 'नवरीची आई'. 'मामा लोक'. 'पिऊन झाल्यावर'. 'आमगाव बस स्टँड'. 'सालेकसा साइड'. 'पैसे उडवतात'. 'भांडन झालं तर'. 'लाइन गेली'. 'दहा वाजले'. 'पोलिस आले'.

मी ते दोनदा वाचलं. ड्युईला कंटाळून एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये स्वतःची वर्गीकरण पद्धत काढली. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, मूळचे गणिताचे. त्यांचं म्हणणं असं होतं की वस्तूला ठरीव खणात कोंबू नका. तिला पाच बाजू असतात, त्या बघा. व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, अवकाश, काळ. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेला मी हे घोकलं होतं आणि नोकरीत एकदाही वापरलं नव्हतं. इथे पाचही होत्या. व्यक्तित्व: मामा लोक. पदार्थ: पिऊन झाल्यावर. ऊर्जा: पैसे उडवतात. अवकाश: आमगाव बस स्टँड. काळ: दहा वाजले. पोरगा दहावीला दोनदा बसला आहे.

"'दहा वाजले'मधे का हाये?" मी विचारलं. "हळू आवाजाचे जी. २००० सालचा नियम हाये ना, दहा ते सहा बंद. मंग हे लावतो, तवर लोक घरी जाते." "आन् 'पोलिस आले'?" "त्याच्यात एकच हाये. आरती. आरती सुरू असली का कोनी वायर काढत नाई." त्या रात्री दहा वाजले, पण पोलिस आले नाहीत. काका मात्र लोळले, रवींच्या साथीवर, बस स्टँडसमोर, तब्बल सात मिनिटं.

परत येताना खोके बांधायच्या गडबडीत कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला मिक्सरच्या भोकातून लाल पेनड्राइव्ह उपसला आणि कुठेतरी ठेवला. तो अजून मिळालेला नाही. लग्नसराई मे महिन्यापर्यंत आहे आणि उरलेली २८ हजार उद्गारचिन्हं घेऊन भाचा माझ्याशी सध्या बहिणीमार्फत बोलतो. तरी आमगावच्या त्या वरातीत असलेल्या सर्व पाहुण्यांना विनंती आहे: ८ जीबी, लाल नेलपॉलिश, टोपण नाही, रबर असू शकेल. कुणाच्या सदऱ्याच्या खिशात सापडल्यास आणून द्यावा. भाडं देऊ. आत काय आहे ते हवं तर ऐकावं, पण कृपा करून काही नीट लावू नये.